गेले पाच, परतले चार

पुण्याहून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी नीरा नदीचा पूल ओलांडतो, तेव्हा पुणे जिल्हा मागे पडतो आणि शिरवळ येते. सातारकरांच्या लेखी शिरवळ म्हणजे जिल्ह्याचा उंबरठा. मुंबईहून गणपतीसाठी गावी येणारा चाकरमानी असो, सरहद्दीवरून रजेवर आलेला जवान असो की आखातातील नोकरी संपवून परतणारा कारागीर असो, ‘आलो एकदाचे घरी’ असा निःश्वास तो येथे सोडतो. पुढे खंबाटकीचा घाट चढायचा बाकी असतो. पण मन मात्र नीरेकाठीच घरी पोहोचलेले असते. याच शिरवळच्या सुभानमंगळ कोटाने १६४८ साली शिवरायांच्या मावळ्यांचा पराक्रम पाहिला. जाणाऱ्यांना निरोप देणे आणि येणाऱ्यांचे स्वागत करणे या गावाला नवे नाही.

अलीकडच्या काळात या परतणाऱ्यांत आणखी एकाची भर पडली आहे. परदेशात भूकंप, महापूर, साथ वा युद्ध यांनी होरपळलेल्या लोकांच्या शुश्रूषेसाठी स्वेच्छेने गेलेला डॉक्टर, परिचारिका किंवा औषधनिर्माता. पंधरा दिवस, महिना, कधी सहा महिने तंबूत राहून तो घरी येतो. गावात फलक लागतो. ग्रामपंचायतीच्या सभागृहात शाल, श्रीफळ, हार होतो. दोन-चार भाषणे होतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. आणि मग? दुसऱ्या दिवसापासून त्याने जणू काही घडलेच नाही अशा थाटात दवाखाना उघडावा, अशी साऱ्यांची अपेक्षा असते. जो अनुभव मिळवण्यासाठी त्याने जीव धोक्यात घातला, त्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न ना सत्कार करणाऱ्यांना पडतो, ना सत्कार स्वीकारणाऱ्याला. सेवेला जाणाऱ्याला निरोप कसा द्यावा हे आपल्या समाजाला उत्तम कळते. परत आलेल्याचे काय करावे, हे मात्र अजून उमगलेले नाही.

न परतलेल्याची कहाणी

महाराष्ट्राला परदेशातील वैद्यकीय सेवा म्हटले की एकच नाव आठवते, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. ते आठवावे असेच आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाने चीन पोळत होता. चिनी सेनानी चू तेह यांनी वैद्यकीय मदतीची विनंती केली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच भारतीय डॉक्टरांचे पथक मुंबई बंदरातून निघाले. पथकाचे प्रमुख होते स्पेनच्या यादवीत शुश्रूषा करून आलेले अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल. त्यांच्यासमवेत नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि पाचवे सोलापूरचे कोटणीस. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेल्या या तरुणाच्या वयाला तेव्हा अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

परदास्यात पिचणारा एक देश दुसऱ्या संकटग्रस्त देशाला मदत पाठवतो, हीच मुळात असामान्य गोष्ट होती. स्वतःच्या घरात अन्नाची भ्रांत असताना दारी आलेल्या अतिथीला घास काढून देणारी जी आपली रीत, तिचाच तो राष्ट्रीय आविष्कार होता. डॉक्टर चीनमध्ये असतानाच कोटणीसांच्या पित्याचे निधन झाले. परतण्यास त्याहून सबळ कारण कोणते असू शकेल? तरीही ते परतले नाहीत. उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, रणभूमीच्या अगदी निकट, त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी १९४१ मध्ये कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. तेथेच क्वो चिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या विकाराने त्यांची प्राणज्योत मालवली.

अखेरच्या वर्षी कोटणीसांनी चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व घेतले होते. त्यांच्या त्या निर्णयाशी असहमत असणारे पुष्कळ आहेत आणि १९६२ चा विश्वासघात व २०२० चे गलवान पाहिलेल्या भारतीयाला चीनच्या राज्यकर्त्यांविषयी कोणताही भ्रम असण्याचे कारण नाही. तथापि वैद्याच्या सेवेचे मोल राज्यकर्त्यांच्या वर्तनावरून ठरत नसते. ज्या जखमी शेतकऱ्याच्या पायातील गोळी कोटणीसांनी काढली, तो शेतकरी कोणत्याही आक्रमणाचा धनी नव्हता. शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आजही त्यांची समाधी आहे. त्या शहरात त्यांच्या चिनी नावाने वैद्यकीय विद्यालयही चालते.

परतलेल्या चौघांचे विस्मरण

ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिले, त्याचे शीर्षकच न परतलेल्या एकावर बेतलेले होते. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. कोटणीस घराघरात पोहोचले. परंतु पथक पाच जणांचे होते. चौघे परतले. त्या चौघांची नावे आज महाराष्ट्रातील किती सुशिक्षितांना सांगता येतील? चोळकर तर आपल्याच नागपूरचे. पथकातील सर्वांत ज्येष्ठ. ज्या वयात माणसे निवृत्तीचे बेत आखतात, त्या वयात ते समुद्र ओलांडून युद्धभूमीवर गेले. त्यांच्या नावाचा उल्लेख आज केवळ ‘कोटणीसांचे सहकारी’ एवढाच होतो.

यात कोणाचा दोष नाही. हा समाजमनाचा स्वभाव आहे. जो गेला आणि परतला नाही, तो दंतकथा होतो. जो परतला, तो शेजारी होतो. दंतकथेला हार घालणे सोपे असते, कारण ती काही मागत नाही. शेजारी मात्र बोलतो, प्रश्न विचारतो, ‘तिकडे असे करतात, इकडे का करत नाही?’ असे म्हणून दाखवतो. म्हणूनच तो लवकर नकोसा होतो.

चौघांपैकी डॉ. बसूंचे उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. ते १९४३ साली मायदेशी परतले. पुढे स्वातंत्र्यानंतर पुन्हा चीनला गेले, तेथे सुया टोचून उपचार करण्याची ॲक्युपंक्चर ही प्राचीन पद्धत शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी ती रुजवली. या पद्धतीच्या उपयुक्ततेविषयी वैद्यकशास्त्रात मतभेद आहेत, हे खरे. परंतु तिला १९९६ साली पश्चिम बंगालच्या विधिमंडळाने कायद्याने मान्यता दिली, ती एका परतलेल्या डॉक्टरने लावलेल्या रोपाची फळे होती. बसू परतले ते रिकाम्या हाताने नव्हे. कोटणीसांचे मोठेपण त्यांच्या न परतण्यात असेल, तर बसूंचे मोठेपण त्यांच्या परतण्यात आहे. दुसऱ्या प्रकारचे मोठेपण ओळखण्याची दृष्टी आपण कमावायला हवी.

कोल्हापूरचे रिते राहिलेले पद

परतण्याचे मोल काय असते, हे महाराष्ट्राने आणखी एका प्रसंगी जाणले आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची जबाबदारी देऊ केली. त्या वर्षाअखेर त्या मायदेशी आल्या, पण क्षयाने जर्जर होऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय पुरते बावीसही नव्हते. पुण्याहून कोल्हापूरला जाणारा रस्ता शिरवळवरूनच जातो. त्या रस्त्याने आनंदीबाई रुजू होण्यासाठी कधीच गेल्या नाहीत. केवढे ज्ञान त्या वाटेवर अडून राहिले, याचा हिशेब कोणी मांडायचा?

आनंदीबाईंना नियतीने अडवले. आज मात्र असंख्य परतलेल्यांचे ज्ञान त्याच वाटेवर अडते ते नियतीमुळे नव्हे, तर आपल्या अनास्थेमुळे. तेव्हा नियतीला बोल लावता येत होता. आता तो स्वतःलाच लावावा लागेल.

घरी आलेला माणूस

तंबूतील रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाच्या मनाची अवस्था समजून घेणे ही पहिली पायरी होय. जाताना मनात भीती असते, उत्साह असतो, घरच्यांचा विरोध मोडून काढल्याचे समाधान असते. परतीचा प्रवास सोपा असेल असे तो गृहीत धरतो आणि नेमका तेथेच फसतो. चार दिवसांपूर्वी एका सलाइनच्या बाटलीसाठी दोन रुग्णांपैकी एकाची निवड करणारा माणूस लग्नाच्या पंगतीत ताटात टाकलेले अन्न पाहतो आणि त्याचा संताप होतो. दवाखान्यात सर्दीसाठी महागड्या तपासण्यांचा आग्रह धरणारा रुग्ण त्याला असह्य होतो. रात्री झोप लागत नाही. जे वाचले त्यांच्यापेक्षा जे वाचले नाहीत तेच डोळ्यांसमोर येतात. ‘आपण अर्ध्यावर सोडून आलो’ ही बोचणी सुटत नाही.

घरचेही गोंधळतात. आई ‘किती वाळलास रे’ म्हणून डोळे पुसते. वडील एक-दोन प्रश्न विचारतात. मित्र छायाचित्रे पाहतात आणि तिसऱ्या मिनिटाला क्रिकेटकडे वळतात. त्यांचे प्रेम कमी असते असे नाही. ऐकायचे कसे, हे त्यांना ठाऊक नसते. सैनिकांच्या घरांना हे ठाऊक असते. ज्या सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या गावाला ‘मिलिटरी’ ही उपाधीच चिकटली, त्या जिल्ह्यातील आयाबहिणींना युद्धावरून परतलेल्या मुलाला लगेच बोलते करायचे नसते, हे कोणी शिकवावे लागत नाही. तो ओसरीवर गप्प बसला तर त्याला गप्प बसू द्यायचे आणि बोलू लागला तर हातातील काम ठेवून ऐकायचे. हेच शहाणपण शुश्रूषेहून परतलेल्यांच्याही कामी आणले पाहिजे.

शरीराची काळजीही तितकीच महत्त्वाची. मलेरियाग्रस्त देशातून आलेल्याने प्रतिबंधक गोळ्या परतल्यानंतरही ठरलेल्या मुदतीपर्यंत घ्यायच्या असतात. काही औषधांच्या बाबतीत ही मुदत चार आठवड्यांची असते. घरी पोहोचलो की धोका संपला, असे समजून डॉक्टरच त्या बंद करतात. पश्चिम आफ्रिकेत २०१४ मध्ये इबोलाची साथ उसळली, तेव्हा तेथून परतलेल्यांवर एकवीस दिवस लक्ष ठेवण्याची पद्धत जगभर रूढ झाली. तेव्हा काही देशांत परतलेल्या परिचारिका-डॉक्टरांकडे लोक जणू गुन्हेगार असल्यासारखे पाहत होते. सावधगिरी आणि बहिष्कार यांत अंतर असते. २०२० च्या कोरोनाकाळात आपल्याकडेही काही सोसायट्यांनी रुग्णालयात काम करणाऱ्यांना दारे बंद केली होती. टाळ्या वाजवणारे हात आणि दार लावणारे हात एकाच गावचे होते, हे विसरता कामा नये.

मदतच घातक ठरते तेव्हा

परदेशी सेवेचे केवळ गोडवे गाणे हाही अप्रामाणिकपणा ठरेल. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला आणि जगभरातून वैद्यकीय पथके धावली. त्यांत कुशल होती तशी अपुऱ्या तयारीने आलेलीही होती. शस्त्रक्रिया झाल्या, पण पथक निघून गेल्यावर जखमांकडे कोणी पाहायचे, हाताय गमावलेल्यांचे पुनर्वसन कोणी करायचे, याचे उत्तर अनेकांजवळ नव्हते. त्या अनुभवातून धडा घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आपत्तीच्या ठिकाणी जाणाऱ्या परदेशी वैद्यकीय पथकांसाठी किमान निकष आणि वर्गवारी निश्चित केली. त्याच हैतीत ऑक्टोबर २०१० मध्ये पटकीची साथ आली. तिचा उगम संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या तळावरील सांडपाण्यात होता. त्यातील आपल्या भूमिकेची कबुली संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये दिली. मदतीला गेलेल्यांनीच रोग नेला, याहून दारुण विरोधाभास कोणता?

म्हणून जाणाऱ्याने निघण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मला कोणी बोलावले आहे? मी निघून आल्यावर माझ्या रुग्णांकडे कोण पाहणार आहे? आणि मी नसताना माझ्या गावातील रुग्णांचे काय? तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. सपाटीच्या प्रदेशात तीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा आपल्याकडील शासकीय निकष आहे. तेथील एखादा डॉक्टर महिनाभर नसला की तीस हजारांचा आधार सुटतो. दूरच्या रुग्णाचे अश्रू छायाचित्रात दिसतात. जवळच्या रुग्णाचे दिसत नाहीत, म्हणून ते कमी खारट ठरत नाहीत.

याउलट तयारीनिशी गेलेले पथक काय करू शकते, हेही भारताने दाखवले आहे. १९५० मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली साठावे पॅराशूट वैद्यकीय पथक कोरियात गेले आणि १९५४ पर्यंत तेथे राहिले. युद्ध करण्यासाठी नव्हे, तर जखमी सैनिक आणि नागरिक यांच्या शुश्रूषेसाठी. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा त्याच परंपरेतील साठाव्या पॅरा फील्ड हॉस्पिटलने ‘ऑपरेशन दोस्त’ अंतर्गत इस्केंदेरुन येथे रुग्णालय उभारले. नव्याण्णव जणांच्या या पथकाने दोन आठवड्यांच्या आत साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण तपासले. तुर्कस्तानचे राज्यकर्ते काश्मीरविषयी कोणती भाषा बोलतात, याचा विचार न करता भारताने हात पुढे केला. शस्त्रक्रियेची साधने, वीज, तंबू, शिधा यांसह सारे काही बरोबर नेऊन, कोणावर भार न होता, हे पथक काम करून परतले. शिस्तीचा हा आदर्श स्वयंसेवी पथकांनीही समोर ठेवावा.

मिरजेचा धडा

परदेशी वैद्यकीय सेवेचा अनुभव सातारा-सांगलीच्या प्रदेशाला दुसऱ्या बाजूनेही आहे. अमेरिकी प्रेस्बिटेरियन मिशनच्या विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले. मिशनऱ्यांच्या सेवेमागील धर्मप्रसाराच्या हेतूवर हिंदू समाजाने घेतलेले आक्षेप निराधार नव्हते. आजारी माणसाच्या अगतिकतेशी श्रद्धेचा सौदा होऊ नये, ही भूमिका आजही तितकीच योग्य आहे. परंतु शत्रूकडूनही गुण घ्यावा, असे सांगणारी आपली परंपरा आहे आणि वानलेस तर शत्रूही नव्हते. १९२८ मध्ये ते भारतातून परतले आणि १९३३ मध्ये निधन पावले. त्यांच्यामागे रुग्णालय उभे राहिले, कारण त्यांनी केवळ रुग्ण बरे केले नाहीत. स्थानिक तरुणांना शिकवले. मिरजेला वैद्यकीय नगरी म्हणून जी ओळख मिळाली, तिच्या पायात हा दगड आहे.

सेवेची खरी कसोटी येथेच आहे. सेवक निघून गेल्यावर काय उरते? त्याच्या आठवणी उरल्या तर ती उपकाराची गोष्ट झाली. त्याचे कौशल्य दुसऱ्या हातांत उरले तर ती सेवा झाली. कोटणीसही चीनमध्ये केवळ शस्त्रक्रिया करत नव्हते. तेथील विद्यार्थ्यांना शिकवत होते. हीच कसोटी उलट दिशेनेही लावता येते. सेवक घरी परतल्यावर घराला काय मिळाले?

शिबिरातून घराघरात

तंबूत शिकलेली गोष्ट जगाला कशी उपयोगी पडते, याचे लखलखीत उदाहरण भारतातच आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील अत्याचारांपासून पळालेले लक्षावधी निर्वासित बंगालच्या सीमेवर आले. बनगावच्या छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचे पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. पुढे हेच जलसंजीवनीचे पाकीट जगभर पोहोचले. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. साधनांच्या अभावाने शिकवलेले शहाणपण साधनसंपन्न रुग्णालयाला अनेकदा सुचत नाही.

महाराष्ट्रात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारली. गावातील कमी शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनाने दाखवले, की त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटले. पुढे शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच पद्धत देशभर नेली. बंग दांपत्य विमानतळावर उतरले, तेव्हा त्यांचा प्रवास संपला नव्हता. तो तेथून सुरू झाला होता.

शिरवळ काय करू शकेल?

आता शिरवळच्या उंबरठ्यावर परत येऊ. या गावात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुक्या जनावरांच्या वेदना ओळखणारे वैद्य येथे घडतात. गावाभोवती कारखाने उभे राहिले आहेत. परप्रांतीय कामगारांची वस्ती वाढली आहे. आणि पुणे-बंगळूर महामार्ग गावाला लागून धावतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना लागणारे धोक्याचे वळण किती जणांच्या जिवावर उठले, हे येथील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. अपघात झाला की पहिल्या काही मिनिटांत जखमीपाशी पोहोचतो तो डॉक्टर नव्हे. धाब्यावरचा पोऱ्या, शेतातला गडी किंवा मालमोटारीचा चालक असतो.

भूकंपाच्या छावणीत काम केलेल्या डॉक्टरला जे येते, ते नेमके याच ठिकाणी हवे असते. एकाच वेळी वीस जखमी समोर आले तर कोणाला आधी हात लावायचा, लाल, पिवळी, हिरवी खूण कोणाला करायची, वाहते रक्त साध्या फडक्याने कसे थांबवायचे, मान दुखावलेल्या माणसाला गाडीतून ओढून काढू नये तर कसे काढावे, ही कौशल्ये त्याच्या हाताला सवयीची झालेली असतात. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास पोलिसांचा आणि न्यायालयाचा जाच होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने अशा सहृदय नागरिकाला संरक्षण दिले. ‘१०८’ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते. कायदा आहे, गाडी आहे. मधल्या दहा मिनिटांत काय करायचे हे जाणणारे हात तेवढे कमी आहेत.

तेव्हा परदेशी शुश्रूषेहून परतलेल्या कोणत्याही डॉक्टरचा वा परिचारिकेचा सत्कार जरूर करावा. मात्र सत्काराच्या शेवटी त्यांच्याकडे एक मागणे मागावे. ‘तिकडे शिकलात ते आम्हाला शिकवा.’ महिन्यातून एक रविवार. समोर तालमीतील पोरे, धाब्यांवरील कामगार, रिक्षाचालक, आशाताई, महाविद्यालयातील विद्यार्थी. आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचे सहकार्य घ्यावे. गावातील कारखान्यांनी सामाजिक दायित्वातून पट्ट्या, फळ्या, स्ट्रेचर पुरवावीत. खर्च सत्काराच्या मंडपापेक्षा अधिक होणार नाही. जिल्हा पातळीवर अशा अनुभवी मंडळींची नोंद ठेवली गेली, तर कृष्णा-कोयनेला पूर येईल त्या दिवशी कोणाला हाक मारायची, हे शोधत बसावे लागणार नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीने ती उणीव पुरेपूर भोगली आहे.

अशी मागणी करण्यात परतलेल्याचेही कल्याण आहे. ‘अर्ध्यावर सोडून आलो’ ही जी बोचणी त्याला झोपू देत नाही, तिच्यावर हार-तुऱ्यांचा उतारा चालत नाही. काम हाच तिच्यावरचा उपाय. परदेशी तंबूत जो वाचवता आला नाही, त्याचे ऋण खंबाटकीच्या पायथ्याशी एखाद्या अनोळखी माणसाचा प्राण वाचवून फेडता येते. देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर समाजाचे ऋण मानणाऱ्या संस्कृतीला हे समजावून सांगण्याची गरज नसावी.

१९३८ मध्ये पाच गेले, चार परतले. जो परतला नाही, त्याला आपण अमर केले. तो सन्मान योग्यच होता. पण आता जे परतत आहेत, त्यांना आपण पुन्हा कामाला लावले पाहिजे. नीरेचा पूल ओलांडून येणाऱ्या पुढच्या डॉक्टरच्या गळ्यात हार घालण्यापूर्वी गावाने त्याला ओसरीवर बसवावे, पाणी द्यावे, पोटभर बोलू द्यावे. आणि मग विचारावे, ‘डॉक्टर, येत्या रविवारी किती वाजता येऊ?’